भाकर की बिस्कुट

चाकूरच्या नागुबाईला उभ्या जिंदगीत लोकांनी काय काय म्हटलं नाही. फटकळ म्हटलं, आगलावी म्हटलं, कुणी पाठीमागं तोफ म्हटलं. त्याचं तिला काही नव्हतं. तोफ हा शब्द कानावर आला त्या दिवशी तर ती संध्याकाळपर्यंत खुशीत होती. पण तिच्या भाकरीला बिस्कुट म्हणणारा माणूस अजून भेटायचा होता. तो भेटला, सरकारी जीपमधून आला, आणि कागदावर लिहून गेला.

नागुबाईनं गल्लीतल्या बाया गोळा करून महामाया महिला गट काढला होता. गटाचा माल एकच, कडक भाकर. ज्वारीचं पीठ, आधणाचं पाणी आणि बाईचा हात, चौथी वस्तू नाही. पातळ थापायची, तव्यावर शेकायची, मग निखाऱ्याच्या कडेला उभी करून तिच्यातलं पाणी पार आटवायचं. अशी भाकर महिनोन्महिने राहते, आणि चुरून आमटीत टाकली की आजच थापल्यासारखी होते. लातूरला जायची, नांदेडला जायची, पुण्याला शिकणाऱ्या पोरांच्या खोल्यांवर तर आईच्या चिठ्ठीसारखी जायची.

साहेबानं पाकीट फोडलं, भाकर मोडली. कट् असा आवाज आला आणि त्या आवाजावरच सगळं बिनसलं. सरकारच्या नियमात पाव करातून सुटलेला, पापड सुटलेला, साधी भाकर सुटलेली. बिस्कुट मात्र अडकलेलं. साहेबाचं म्हणणं असं की भाकर मऊ असते. ही कुरकुरीत आहे, पाकिटात आहे, टिकते. म्हणजे ही बिस्किटाच्या जातीतली. मागच्या सालांपासूनचा कर भरा.

नागुबाईनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "माणसाची जात काढून दमलाव साहेब, आता भाकरीची काढायलाव काय?"

साहेब भला माणूस होता, कानापर्यंत लाल झाला. पण लिहायचं ते लिहून गेला. नियम त्याच्या बापाचा थोडाच होता.

नांदेडला वजिराबादेत उमाशंकर म्हणून एक कर सल्लागार आहेत, गटाचं कराचं काम तेच बघायचे. त्यांनी फोनवर शहाणपणाचा सल्ला दिला. मावशी, पाकिटावर बिस्कुट छापा, पुढचा कर गिऱ्हाइकाकडून घ्या, मागचा हप्त्यानं भरू, मिटवून टाका. माल तोच, हात तेच, नुसतं नाव बदलायचं, त्यात तुमचं काय जातंय?

उमाशंकर शिकलेले, त्यांना कळणार कसं काय जातंय ते.

नागुबाईची सासू भीमाबाई. त्या काळी गावकीची कामं करायची, आणि संध्याकाळी टोपलं घेऊन वाड्यावाड्यापुढं उभं राहायचं. दारातली बाई वरून भाकर सोडायची, खाली हिनं पदर धरायचा. हाताला हात लागू नये म्हणून वरून. कोरडी, कारण कालवण वरून सोडता येत नाही. मग छप्पन साल आलं. दीक्षा घेतली त्या आठवड्यात भीमाबाईनं ते टोपलं चुलीत घातलं, आणि त्या टोपल्याच्या जाळावर पहिली स्वतःच्या पिठाची भाकर भाजली. नागुबाई लग्न होऊन आली तेव्हा टोपल्याची राखही उरली नव्हती, पण सासूनं ही गोष्ट इतक्यांदा सांगितली की नागुबाईच्या नाकाला अजून त्या धुराचा वास यायचा.

आणि आता त्याच वाड्यांतल्या सुना तिच्या दारात येऊन भाकर विकत मागायच्या. वाट बघायच्या. ताजी नाही का म्हणून विचारायच्या. अशा भाकरीवर बिस्कुट छापायचं?

तिनं उमाशंकरांना निरोप दिला की नाव बदलायचं नाही, भांडायचं.

निलंग्याचा गुंडप्पा हाच माल करायचा, तो त्याला कडक रोटी म्हणायचा. त्यालाही तसाच कागद आला होता. नागुबाईनं त्याला सांगून पाठवलं, दोघं मिळून भांडू. तो हसला. म्हणाला, अक्का, तिथं मोठमोठे हत्ती झुंजतेत, आपल्यासारख्या मुंगीनं मधी जायचं न्हाई. आणि गपचूप पाकिटावर बिस्कुट छापून मोकळा झाला.

मग सुरू झाली चढण. साहेबाच्या वरचे साहेब म्हणाले बिस्कुट. त्यांच्या वरचे म्हणाले बिस्कुट. हायकोर्ट म्हणालं भाकर, तेव्हा गल्लीत जिलेबी वाटली. जिलेबीचा पाक बोटाला असतानाच खबर आली की कराचं खातं दिल्लीला गेलं, सगळ्यात वरच्या कोर्टात.

बाया हबकल्या. नागुबाई मात्र अशी फुलली की जणू नातीचं स्थळ दिल्लीहून आलंय. बाबासाहेबांनी लिहिलेल्या घटनेचं ते कोर्ट, तिथं आपल्या भाकरीचं नाव पुकारणार. ती बाजारात जाईल तिथं सांगत सुटली. वांगी घेताना सांगितलं, एस.टी.च्या कंडक्टरला सांगितलं, दात काढताना दाताच्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना सांगितलं.

नात प्रियदर्शनी दिल्लीतच वकिली करत होती, एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली. त्या मोठ्या वकिलांनी तिच्या डब्यातली भाकर खाल्लेली, ते लढायला कबूल झाले. पहिल्या तारखेला न्यायाधीश म्हणाले, वाद ज्या वस्तूचा आहे ती वस्तू तरी दाखवा. प्रियदर्शनी नांदेडला मैत्रिणीच्या लग्नाला यायचीच होती. तिनं फोन केला आणि एकच गोष्ट तीनतीनदा घोकून घेतली. आज्जी, रोज विकतेस तीच भाकर द्यायची. तशीच. पाकिटही तेच. वेगळं काही करायचं नाही. नागुबाई प्रत्येक वेळेला हाव म्हणाली.

आणि घात तिथंच झाला.

गटात नागुबाईच्या खालोखाल वट होती ती धोंडाबाईची. धोंडाबाई कुणब्याच्या घरची, घरची जमीन, ज्वारी तिच्याच रानातली यायची. दोघींचं दिवसातून चारदा वाजायचं आणि पाचव्यांदा चहा व्हायचा. त्या सकाळी धोंडाबाई आली तर नागुबाई काठवटीपुढं बसलेली आणि पिठात तीळ, ओवा, लाल तिखट, लसूण, वरून तेलाचं मोहन.

धोंडाबाईनं कपाळाला हात लावला. पोरीनं कोरडी मागितलीय, साधी मागितलीय, तू हे काय करायलीस म्हणून विचारलं. वकिलीण शिकलेली हाय, तिचं ऐकावं, असंही सुनावलं.

नागुबाई पीठ मळायची थांबली नाही. "कोरडी भाकर टाकतेत, धोंडाबाई. वाढत न्हाईत. त्या कोर्टाच्या पुढं माझी भाकर पहिल्यांदा चाललीय. ती कोरडी जायाची न्हाई."

धोंडाबाईला त्या टोपल्याची गोष्ट ठाऊक होती. भीमाबाई ज्या वाड्यांपुढं उभी राहायची त्यातला एक धोंडाबाईच्या सासूचा होता, हेही ठाऊक होतं. ते दोघींत कधी बोललं गेलं नव्हतं. धोंडाबाई उठून घरी गेली. नागुबाईला वाटलं, रुसली. थोड्या वेळानं धोंडाबाई परत आली ती पदराखाली लोण्याचं गाडगं घेऊन. तेलाचं मोहन कशाला, पाहुणा काय तेलावर भागवायचा असतो का, असं म्हणत तिनं लोण्याचा गोळाच काठवटीत टाकला आणि शेजारी बसून थापायला लागली.

अशा त्या भाकरी झाल्या. खुसखुशीत, लालसर, तिळानं मढलेल्या. रोजच्याच पाकिटात भरल्या, रोजच्यासारखं तोंड बंद केलं. प्रियदर्शनीनं लग्नातून जाता जाता उमाशंकरांकडं पोचवलेला पाकिटांचा डबा उचलला आणि नांदेडहून सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली गाठली. पाकीट फोडायचं तिला कारणच नव्हतं. आज्जी तीनदा हाव म्हणाली होती.

तारखेच्या दिवशी दोघी बाया नव्या लुगड्यांत, अहमदपूर, लोहा करत एस.टी.नं नांदेडला पोचल्या. दिल्लीचं कोर्ट उमाशंकरांच्या ऑफिसातल्या पडद्यावर दिसणार होतं. प्रियदर्शनीनं तशी सोय करून घेतली होती, वरती कॅमेराही लावला होता. शेजारपाजारचे सल्लागार, त्यांचे कारकून, खालचा झेरॉक्सवाला, चहावाला, सगळे खुर्च्या ओढून बसले. कुणीतरी शेंगदाणे आणले. क्रिकेटला असते तशी गर्दी झाली, फक्त बॅटऐवजी काळे कोट.

आधी दुसरं प्रकरण चाललं होतं. कसलीशी अजस्र कंपनी, वकिलांचीच एक पलटण. वाद असा की कंपनीचं यंत्र जमिनीत रोवलेलं म्हणायचं का हलतं म्हणायचं. रोवलेलं असलं तर एक कर, हलतं असलं तर दुसरा. उमाशंकर एकेक वाक्य मराठीत करून सांगत होते. नागुबाईनं बराच वेळ सोसलं आणि म्हणाली, एवढी माणसं कामाला लावण्यापरीस एकानं जाऊन हलवून बगावं की.

उमाशंकर हसले नाहीत. त्यांनी समजावलं, मावशी, इथं नुसतं एका यंत्राचं नाही. हे दोघं न्यायाधीश जे बोलतील ते देशातल्या अशा सगळ्या यंत्रांना लागू. आज त्यांनी हलतं म्हटलं की उद्या मद्रासपासून काश्मीरपर्यंत हलतं. सरकारच्या तिजोरीत नदी वळून येते नाहीतर वळून जाते, एका शब्दावर.

नागुबाईनं घाईनं पदर नीट केला, कारण पडद्यावर महामाया महिला गट असं नाव पुकारलं होतं.

खात्याच्या वकिलानं सुरुवात केली. उंच, गोड आवाजाचा माणूस. वाळवली, पाकिटात घातली, दुकानात मांडली, की भाकर भाकर राहत नाही, असं त्याचं म्हणणं. आपले मोठे वकील उठले आणि त्यांनी असं काही सांगितलं की उमाशंकरांच्या अंगावर काटा आला. पीठ आणि पाणी, यापलीकडं हिच्यात काही नाही. ना मीठ, ना तेल, ना मसाला. गरिबाच्या घरातली साधी भाकर ती हीच, फक्त उन्हात ठेवल्यासारखी वाळलेली. आपण स्वतः बघावी. आणि त्यांनी पाकीट न्यायाधीशांपुढं सरकवलं.

नांदेडला धोंडाबाईनं नागुबाईचा हात धरला. ना तेल, ना मसाला, हे उमाशंकरांनी मराठीत केलं आणि नागुबाईला तेव्हा समजलं की आपण काय केलं.

दोन न्यायाधीश होते. एकानं भाकर मोडली, वास घेतला, दुसऱ्याकडं दिली. दुसऱ्यानं तुकडा चाखला. त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं आणखी एक तुकडा घेतला, हा काही पुराव्यासाठी वाटला नाही. मग त्यानं गटाच्या मोठ्या वकिलांना विचारलं की मसाला नाही म्हणता तर माझी जीभ कशानं पोळतेय.

खात्याच्या वकिलाला एक तुकडा दिला गेला. त्यानं तो खाल्ला आणि चेहऱ्यावर दिवाळी झाली. तीळ आहे, तिखट आहे, लोणी आहे, बिस्किटाच्याही पुढची मजल आहे, हा तर फराळ आहे, म्हणाला. त्यानं आणखी एक तुकडा मागितला, तोही हसत. आपले मोठे वकील मात्र उन्हात विसरलेल्या माठासारखे कोरडे पडून उभे. मागं प्रियदर्शनी दिसत होती, तोंडावर दोन्ही हात.

वजिराबादेत शेंगदाणे खायचे थांबले. उमाशंकर नुसते मावशी म्हणाले आणि डोकं धरून बसले. धोंडाबाई मात्र कुजबुजली की लोणी माझं होतं, नाव माझंबी सांग.

न्यायाधीशांनी विचारलं, ही भाकर बनवणारं कुणी हजर आहे का. प्रियदर्शनीनं मान खाली घालून सांगितलं, आजी आहे, पडद्यावर. दोघांतल्या एकाला मराठी येत होती, इकडच्याच मुलखातून गेलेला असावा. तो पडद्याकडं वळला आणि नागुबाईला दिसलं की एवढ्या मोठ्या माणसाच्या ओठाला तीळ चिकटलाय.

"आजी, तुम्ही दुकानात विकता ती हीच का?"

"न्हाई साहेब. विकायची ती साधी. पीठ आन पाणी."

"मग आम्हाला ही का पाठवली?"

नागुबाई उभी राहिली. तिला कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं, कॅमेऱ्यात तिचं तोंड जाऊन नुसतं लुगडं दिसायला लागलं, झेरॉक्सवाल्यानं धावत जाऊन कॅमेरा वर केला.

"माझ्या सासूला लोकांनी वरून भाकर टाकली, कोरडी," ती म्हणाली. "तिनं पदरात झेलली. तुमी पैल्यांदा माझी भाकर मागितली साहेब. पाहुण्याला कोरडी कशी द्यावी? वकिलीण पोरीनं साधी दे म्हणून सांगितलंतं. म्याच ऐकलं न्हाई. तिला काय बोलू नगा."

खात्याचा वकील तेवढ्यात उठला आणि आदबीनं विचारलं की मग आजींनी स्वतःच सांगावं, ही मसाल्याची, ही तरी भाकर नव्हे, एवढं कबूल ना.

उमाशंकरांनी हे मराठीत केलं आणि लगेच खुणा करायला लागले, हो म्हणा, मावशी, हो म्हणा. एवढं हो म्हटलं की साधी सुटत होती. मसालेवाली बिस्कुट झाली तर झाली, ती विकतंय कोण. सगळ्या खोलीनं मान डोलावून दाखवली. धोंडाबाईनंसुद्धा.

नागुबाईनं सगळ्यांकडं बघितलं. आणि म्हणाली, "भाकरच हाय. माणसानं सणाला नवं धोतर नेसलं म्हून त्यो काय दुसऱ्याच बापाचा होतो?"

मराठी येणारे न्यायाधीश हसले. त्यांनी दुसऱ्याला सांगितलं, तो हसला. काळ्या कोटांची रांगच्या रांग हसली. खात्याचा वकील हसला नाही, पण त्यानं उरलेली भाकर खिशात टाकली हे चहावाल्यानं पाहिलं आणि तो मरेपर्यंत शपथेवर सांगेल.

मग न्यायाधीशांनी साधंच विचारलं. दुकानात गिऱ्हाईक येऊन काय मागतं? नागुबाईला प्रश्नच कळेना. भाकर मागतं, दुसरं काय मागणार. कुणी कधी बिस्कुट द्या म्हणून हिच्याकडं बोट दाखवलं का? न्हाई. चहात बुडवून खातं का? तिनं धोंडाबाईकडं बघितलं. धोंडाबाई बुडवून खायची. पण धोंडाबाई छताकडं बघत होती. नागुबाई म्हणाली, आमच्यात एक हाय तशी, पण ती काय लोकांत धरत न्हाईत.

निकाल राखून ठेवला.

परतीच्या एस.टी.त धोंडाबाई लोह्यापर्यंत बोलली नाही. नागुबाईही बोलली नाही, पण तिचं कारण वेगळं होतं. भाकर गेली तर ती तिनं स्वतःच्या हातानं घालवली असती, तिखटमीठ लावून. प्रियदर्शनीनं फोन केला तेव्हा ती रागावली नव्हती, हे तर फारच वाईट. नुसती म्हणाली, आज्जी, जेवलीस का.

पुढचे काही आठवडे नागुबाई कुणाशी भांडली नाही. गल्लीनं तिला डॉक्टरकडं न्यायचा विचार केला.

निकाल आला तो भर दुपारी. बाया चुलीपुढं होत्या. प्रियदर्शनीचा फोन आला आणि तिनं नुसतं, आज्जी, भाकर, एवढं म्हटलं. पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही, कारण बायांनी काठवटी वाजवायला सुरुवात केली. एक भाकर तव्यावर जळून कोळसा झाली आणि कुणी तिच्याकडं बघितलं नाही. धोंडाबाईनं नागुबाईला मिठी मारली आणि दोघींच्या तोंडाला पीठ लागलं. गल्लीतली पोरं, कोंबड्या, शेजारचा देवणी बैलसुद्धा बिथरला.

संध्याकाळी विहारात सगळे जमले, प्रियदर्शनी फोनवरून वाचत गेली. कोर्टानं लिहिलं होतं की कराच्या कायद्यात जिन्नसाचं नाव धुंडायचं ते प्रयोगशाळेत नाही, तो करणाऱ्याच्या आणि खाणाऱ्याच्या तोंडात. लोक जिला भाकर म्हणून मागतात ती भाकर. वाळवल्यानं किंवा पाकिटात घातल्यानं तिचा स्वभाव बदलत नाही. मोडताना आवाज होतो म्हणून तिच्यावर कर बसवता येणार नाही. नागुबाईनं हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा. खाली आणखी एक ओळ होती, की पाहुण्यासाठी करतात त्या मसालेदार भाकरीचा सवाल आज आमच्यापुढं नाही, तो आम्ही मोकळा ठेवतो. पण ती रुचकर होती, एवढी नोंद करतो. यावर धोंडाबाईनं उभं राहून सगळ्यांना सांगितलं की लोणी आपलं होतं.

आणि दुसऱ्याच दिवशी गुंडप्पा आला.

निलंग्याहून, मोटारसायकलवर, हार आणि पेढे घेऊन. अक्का, तुमच्यामुळं आमचंबी बिस्कुट सुटलं, म्हणाला. पाकिटावर आजच पुन्हा रोटी छापायला टाकलंय. नागुबाईला आधी उमगलंच नाही. मग उमगलं तशी ती तोफ झाली. भांडले म्या, वर्षानुवर्षं झोप घालवली म्या, दिल्लीच्या पुढं उभी राहिले म्या, आन सुटला ह्यो? घरी बसून? हत्ती-मुंगीची गोष्ट सांगणारा? तिनं तिथंच प्रियदर्शनीला फोन लावला आणि सांगितलं की निकालात माझं नाव हाय, ह्याचं न्हाई, ह्याला काढा.

प्रियदर्शनीनं शांतपणे सांगितलं की ते कोर्ट तसं नाही. खालच्या कोर्टाचा निकाल भांडणाऱ्या दोघांचा असतो. तिथला निकाल देशाचा असतो. ते बोलले की तोच कायदा. आता चाकूर असो, निलंगा असो, सीमेपलीकडं कर्नाटकातलं भालकी असो, जिथं कुणी कडक भाकर थापेल तिथं ती भाकर. तुझ्या शब्दावर, आज्जी.

नागुबाईनं फोन खाली ठेवला. तिचा राग कुठं गेला ते तिलाच समजेना. तिच्या डोळ्यांपुढं कुठल्या कुठल्या चुली आल्या, कधी न बघितलेल्या बाया आल्या, आणि त्या सगळ्यांच्या काठवटीत आज भाकर होती. परवापर्यंत बिस्कुट होतं.

"म्हंजी कायदा म्या केला," ती धोंडाबाईला म्हणाली.

"कोर्टानं केला."

"कोर्टानं लिहिला."

धोंडाबाई यावर काही बोलणार होती, पण नागुबाई ओसरीवरच्या बाजेवर जाऊन बसली होती, पाय वर घेऊन, पदर डोक्यावरून, अशी की आता पुकारा व्हायचाच बाकी. तिनं गुंडप्पाला समोर बसवलं आणि माल काढ म्हणाली. गुंडप्पानं पिशवीतून रोटी काढली. नागुबाईनं ती उन्हाला धरून बघितली. मोडली, कानाजवळ नेऊन आवाज ऐकला. तुकडा तोंडात टाकून डोळे मिटले. धोंडाबाई खात्याच्या वकिलासारखी पुढं सरसावली आणि मीठ हाय ह्यात, असा आक्षेप घेतला. नागुबाईनं हातानंच तो फेटाळला. मग ती उठून आत गेली. निकाल राखून ठेवलाय, असं आतून सांगण्यात आलं. आत भांड्यांचे आवाज झाले, चहाचा वास आला, एक कप धोंडाबाईला गेला. बाहेर निलंग्याचा एवढा मोठा व्यापारी हातात हार घेऊन खरोखर घामाघूम झाला. अक्का न्हाई म्हणाली तर काय, असा भाबडा विचार त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता, आणि तोपर्यंत गल्लीतली निम्मी माणसं कठड्याला लागून उभी होती.

नागुबाई बाहेर आली. बसली.

"हाय," ती म्हणाली. "लई चांगली न्हाई, पण भाकर हाय."